नाकाची किंमत

२०२० साली सांगली जिल्ह्यातील आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याची वार्ता गाजली. मालकाने तो विकला नाही. या जातीची शान म्हणजे पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक. पण नाकाच्या बळावर मेंढरू दुष्काळ काढत नाही. आम्हा उटनूरकरांच्या तेलंगणातील काळी दख्खनी मेंढी काटक. तिच्या लोकरीची घोंगडी होई. मांसाच्या भावापायी तिचा नेल्लूर मेंढ्यांशी संकर होत गेला व ती लोकर दुर्मीळ झाली. मेंढी जोडीदार निवडत नाही, आपण निवडतो. म्हणून जाबही आपणच द्यायचा. इशायाच्या घरी शमुवेल प्रथम थोरल्याच्या रूपावर भुलला. निवड मात्र मेंढरे राखणाऱ्या धाकट्याची झाली. बंधुभगिनींनो, मेंढ्याचे नाक पारखण्याआधी आपण आपली नजर पारखू या.