फळ मोजणारा निष्काम असतो का?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४



दुसऱ्या अध्यायातल्या सत्तेचाळिसाव्या श्लोकावर काहीही लिहिलं की एक प्रश्न हमखास येतो. ‘दादा, फळाकडे बघायचंच नाही तर टार्गेटचं काय करू? अप्रेझलला सांगू का, की फळाची इच्छाच नव्हती?’ प्रश्न हसत विचारलेला असतो, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे या श्लोकाच्या आडून बराच हलगर्जीपणा खपतो. रोपं लावली, फोटो काढले, उन्हाळ्यात सगळी वाळून गेली, तर म्हणायचं, ‘आम्ही कर्म केलं, फळ त्याच्या हाती.’ याला निष्काम म्हणायचं का?

मला याचं उत्तर आजच्या श्लोकात दिसतं. कुठलंही काम घडायला पाच गोष्टी लागतात, असं भगवंत इथे सांगतात : अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवं दैव. अधिष्ठानाचा अर्थ जुने भाष्यकार शरीर असा करतात. मी आज ‘काम जिथे उभं राहतं ती जागा’ इतका साधा अर्थ घेतोय.

हा श्लोक एखाद्या नोकरीवर ठेवून बघायचा तर मला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली एक नोकरी आठवते. राज्य म्हणजे सिअ‍ॅटलचं. तुमच्यापैकी जे रेडमंड-बेलव्ह्यूला राहतात, त्यांच्या दारातलीच गोष्ट. तिथे काउंटीच्या कार्यालयात, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारख्या ठिकाणी, एक समन्वयक असतो. सॅमन माशांना नदीत पुन्हा राहता यावं म्हणून जी कामं चालतात, त्यांची मोट बांधणं हे त्याचं काम.

आधी मासा समजून घ्या. सॅमन नदीतल्या खडीत जन्मतो, समुद्रात जातो, काही वर्षं तिथे वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच ओढ्यात येतो. तिथला पॅसिफिक सॅमन अंडी घालून झाली की मरतो. आई-बाप आणि पिल्लं यांची भेट कधीच होत नाही. (यावर वेगळं चिंतन लिहायचा मोह आवरतोय.)

शंभर-दीडशे वर्षांत माणसाने या वाटेची पार दशा केली. बांध घालून नद्या सरळ केल्या, पात्रातले ओंडके कचरा समजून काढून टाकले, रस्त्याखालच्या मोऱ्या अशा बसवल्या की मासा वर चढूच शकत नाही. सिअ‍ॅटलमध्ये तर १९१६ साली कालव्यासाठी लेक वॉशिंग्टनची पातळी सुमारे नऊ फूट खाली आणली. सीडर नदी त्या तळ्याकडे वळवली आणि तळ्यातून वाहणारी जुनी ब्लॅक रिव्हर कोरडी पडली. १९९९ साली प्युजेट साउंड भागातला चिनूक सॅमन केंद्राच्या कायद्याखाली संकटग्रस्त ठरला. १८५५ च्या तहाने मासेमारीचा हक्क राखून ठेवलेल्या तिथल्या मूळनिवासी जमातींसाठी हा निसर्गप्रेमाचा विषय नाही, दिलेल्या शब्दाचा आहे.

या सगळ्यात समन्वयकाच्या हातात काय असतं? जमीन त्याची नाही, हुकूम चालत नाही, पैसा राज्याच्या निधी मंडळाकडून येतो. लेक वॉशिंग्टनच्या खोऱ्यात कितीतरी शहरं आणि काउंट्या एकत्र येऊन या कामाचा खर्च वाटून घेतात. प्रत्येकाला वाटतं आपला ओढा पहिला. समन्वयक बैठका घेतो, प्रकल्पांचा क्रम लावून घेतो, अर्ज भरतो, जमीनमालकाच्या घरी चौथ्यांदा जाऊन चहा-कॉफी पितो. पात्रात उतरून काम करायची मुभा उन्हाळ्यातल्या थोड्या आठवड्यांपुरती असते, कारण तेव्हा मासे कमी असतात. एक परवानगी लांबली की वर्ष गेलं.

आणि फळ? आज नदीला जागा करून दिली, तर त्या खडीत जन्मलेला चिनूक परत येणार तीन-चार वर्षांनी. मधल्या काळात समुद्र कोमट झाला, खाणं कमी पडलं, तर आकडा खालीच येणार. काठावर लावलेल्या रोपांची दाट सावली पाण्यावर पडायला काही दशकं लागतात. तोवर समन्वयक निवृत्त झालेला असतो.

म्हणजे निष्काम कर्माला अगदी आदर्श नोकरी! मग मासे मोजायचेच कशाला?

याच ठिकाणी सिअ‍ॅटलच्या लाँगफेलो ओढ्याची गोष्ट ऐका. शहरातले असे ओढे खर्च करून सुधारले. अडथळे काढले, झाडं लावली, कोहो सॅमन परत आले. सगळ्यांना आनंद झाला. पण शरद ऋतूतल्या पावसात काठाने चालत मोजणी करणाऱ्यांना वेगळंच दिसलं. मासे गोल गोल फिरत, तोंड वासत, काही तासांत मरत होते. मेलेल्या माद्या चिरून बघितल्या तर गाभोळी तशीच आत. काही वर्षी तर आलेल्यांपैकी बहुतेक असेच गेले. ‘आम्ही ओढा दुरुस्त केला, पुढचं दैव’ असं म्हणून फाइल बंद करता आली असती. त्यांनी आपल्याच कामाचं अपयश वर्षानुवर्षं लिहून ठेवलं.

पुढे प्रयोगांत दिसलं, की रस्त्यावरून वाहून येणारं पाणी मातीच्या थरातून गाळलं तर मासे जगतात. आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये शास्त्रज्ञांनी मारणारं रसायन शोधलं. टायरचं रबर लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात जे घालतात, त्यापासून हवेतल्या ओझोनमुळे ते तयार होतं. चाकं झिजतात, भुकटी रस्त्यावर पडते, पहिल्या पावसात ओढ्यात जाते.

म्हणजे ज्याला दैव म्हणता आलं असतं ते आपल्या गाड्यांच्या टायरमध्ये होतं! पाचवा रकाना किती लवकर भरतो बघा आपण. पहिले चार तपासायचा कंटाळा आला की भरतो.

पुढे सोळाव्या श्लोकात भगवंत म्हणतात, की पाच कारणं असताना जो स्वतःलाच एकटा कर्ता समजतो, त्याला नीट दिसतच नाही. मी हे अगदी शब्दशः घेतो. ‘मीच केलं’ म्हणणाऱ्याला वाईट आकडा बघवत नाही, कारण तो आकडा म्हणजे त्याचा स्वतःचा पराभव असतो. तो आकडा लपवतो किंवा मोजणंच थांबवतो. आपण पाचांतले एक आहोत हे ज्याला पटलंय, तो मेलेला मासा हातात घेऊन शांतपणे विचारू शकतो, की पाचांपैकी बिघडलं कुठे? फळाची आसक्ती सुटली तरच फळाकडे सरळ बघता येतं. तेव्हा अप्रेझलला आकडा सांगा, खरा सांगा.

एक गोष्ट मात्र मला अजून सोडवता आलेली नाही. सीडर नदीवर रेनबो बेंड इथे २०१३ साली बांध काढून नदीला पसरायला जागा दिली. त्याआधी तिथल्या मोबाइल होमच्या वसाहतीतली कुटुंबं हलवावी लागली. पूर तिथे येतच होता, घरांचे पैसे दिले गेले, हे खरं. पण कोयनेच्या मुलखातल्या माणसाला ‘हलवणं’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. अधिष्ठान हा पाचांतला पहिला शब्द, आणि ते कुणाचं तरी अंगण असतं. अशा वेळी ‘मी फक्त निमित्त’ हे वाक्य समन्वयकाने म्हणू नये असं मला वाटतं. कर्ता हा शब्दही त्या पाचांत आहेच.

सिअ‍ॅटलकडच्या मंडळींनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इसाक्वाच्या मत्स्यबीज केंद्रावर जरूर जावं. पुलावर उभं राहिलं की खाली ओढ्यात परत आलेले मासे दिसतात. पाऊस असला तरी जा.

उद्या श्लोक १५. जय हरी!