कार्ड आपलं, कागद त्यांचा

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबवले. विंडोज ११ला टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. त्यामुळे २०१५-१६च्या सुमाराला घेतलेला धडधाकट लॅपटॉप एका तारखेला म्हातारा ठरला. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात बिलं करणारा, रोह्यात झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढणारा, क्लासच्या टेबलावर धूळ खाणारा, असे लॅपटॉप कुठेही दिसतील. लिनक्स घातलं तर ते अजून काही वर्षं आरामात चालतील. मिंट किंवा डेबियन या प्रकारचं लिनक्स पेनड्राइव्हवरून झटकन बसतं, मराठी टाइप होतं, प्रिंटरही बहुधा कुरकुर करत नाही. अडतं ते एका ठिकाणी. कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या खुणेवर क्लिक केलं की वाय-फायची यादीच येत नाही. मग मालक म्हणतो, "बघा, म्हणून फुकटची वस्तू घेऊ नये."

आरोप चुकीच्या माणसावर होतोय, एवढंच मला सांगायचं आहे.

अशा वेळी टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' ही आज्ञा, आकडे दाखवण्याच्या पर्यायासह द्यावी. संगणकाच्या पोटातले भाग आपापली ओळख सांगतात, प्रत्येकाची दोन आकड्यांत. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा वस्तूचा. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतलाय, आपल्या जुन्या नामांकित प्रोसेसरचा. (कंपन्यांनाही कुलाभिमान असतो.) समजा आकडा आला १४ई४:४३१५, तर कार्ड ब्रॉडकॉमचं, बीसीएम ४३१२. म्हणजे लिनक्सला कार्ड दिसलं, त्याचं नावगावही कळलं. नेमका ड्रायव्हरही कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आहे. नाही ती फर्मवेअरची फाइल. या कार्डात स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि दर वेळी सुरू होताना त्याला त्याची आज्ञावली बाहेरून भरवावी लागते. ती आज्ञावली कंपनीच्या मालकीची. इतरांनी ती वाटायची परवानगी कंपनीने दिलेली नाही, म्हणून ती लिनक्सच्या पेनड्राइव्हवर नसते. उतरवून घ्यावी तर इंटरनेट हवं, आणि इंटरनेट त्या कार्डाशिवाय नाही.

या कार्डांचा इतिहास वाचला की संताप येतो. ब्रॉडकॉमने लिनक्ससाठी माहिती दिली नाही, तेव्हा काही स्वयंसेवकांनी कंपनीचा तयार ड्रायव्हर उलगडून तो कार्डाशी काय बोलतो ते टिपलं. एका गटाने फक्त वर्णन लिहायचं, दुसऱ्याने मूळ आज्ञावली न बघता त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचायचा, म्हणजे नकलेचा आरोप येणार नाही. २००६ मध्ये तो ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. २०१० मध्ये कंपनीने स्वतःच आपल्या नव्या कार्डांचा ड्रायव्हर खुला केला. फर्मवेअर मात्र मुठीतच राहिलं. जे चार पानांच्या कागदाने झालं असतं त्यासाठी लोकांची वर्षं गेली.

असा कागद दुसरीकडे दिलाच जातो. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत रसायनांची. तिथे घातक रसायनाचा ड्रम येतो तो माहितीपत्रक घेऊनच. १९८९च्या नियमांनी ते बंधनकारक आहे. त्या पत्रकात रसायन बनवायची कृती नसते. ते कसं हाताळायचं, कशाजवळ ठेवायचं नाही, एवढं असतं. वाय-फाय कार्डाबाबतही कुणी चिपचा आराखडा मागत नाही. तिच्याशी बोलायचं कसं, एवढंच सांगा.

यावर ठरलेलं उत्तर असतं रेडिओ लहरींच्या कायद्याचं: आज्ञावली खुली केली तर कुणीही निषिद्ध लहरींवर प्रक्षेपण करेल. मला हे पटत नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ पासून घरगुती वाय-फायसाठी परवानामुक्त आहे, आणि कुठल्या देशात कुठल्या लहरी किती ताकदीने चालतात याची यादी लिनक्समध्ये उघडी ठेवलेली असते, कुणीही वाचावी. देश भारत निवडला की चॅनल १ ते १३ मिळतात. देश अमेरिका राहिला तर १२ आणि १३ दिसत नाहीत. शेजारच्या खोलीतला राउटर कधी 'गायब' होतो तो यामुळेच. कार्ड बिघडलेलं नसतं, ते अमेरिकेचा कायदा पाळत असतं! कायदा उघड लिहूनही पाळता येतो, हे त्या यादीने दाखवून दिलंय.

बरं, कार्डच बदलू म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दुसरं आणलं, तर काही लॅपटॉप सुरू होतानाच 'अनधिकृत कार्ड' म्हणून अडून बसतात. पैसे आपण मोजले, अधिकृत काय ते मात्र विकणाऱ्याने ठरवायचं.

जमेची बाजूही आहे. फर्मवेअर खुलं नसलं तरी वाटायची परवानगी असेल तर ते सोबत द्यावं, असा कौल डेबियनच्या सदस्यांनी २०२२ मध्ये दिला आणि जून २०२३च्या डेबियन १२पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं. सगळं खुलंच द्यायचं या तत्त्वाला मुरड घातली गेली खरी, पण मला निर्णय योग्य वाटतो. नेट नसलेल्या माणसाला तत्त्व ऐकवून उपयोग काय? आणि जिथे हेही पुरत नाही तिथे मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावं. लिनक्स त्या जोडणीला लगेच ओळखतं, फाइल उतरते आणि कोंडी फुटते.

पण हे उपाय झाले विकत घेतल्यानंतरचे. रायगड जिल्ह्यातल्या शाळा, ग्रामपंचायती आणि वाचनालयं संगणक घेतात तेव्हा मागणीपत्रात एक ओळ घालावी: वाय-फाय कार्ड वेगळं काही न बसवता लिनक्सवर चाललं पाहिजे. आणि तुम्ही स्वतः जुना लॅपटॉप घ्यायला पेणच्या किंवा रोह्याच्या दुकानात गेलात, तर खिशात लिनक्सचा पेनड्राइव्ह ठेवा. दुकानदाराला म्हणा, यावरून सुरू करून वाय-फाय लावून दाखवा, मग पैसे देतो.