आजी कंजूष आहे, कशावरून?

चौथीच्या वहीत ‘माझी आई’ या निबंधाखाली लाल शाईत दोनच शब्द असतात : ‘मुद्दे फुलवा.’ मूल आज्ञाधारक असतं. ‘माझी आई प्रेमळ आहे’ या वाक्याचं ते ‘माझी आई खूप खूप प्रेमळ आहे, ती सर्वांवर खूप प्रेम करते’ असं करून आणतं. मुद्दा फुलायचा तो नुसता फुगतो. शेरा मारणाऱ्या बाईंना हे कळत नाही असं नाही. पण फुलवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते वहीच्या समासात मावत नाही.

दहा ओळींच्या निबंधाची थट्टा एव्हाना पुरेशी झाली आहे. गाईचे चार पाय आणि दोन शिंगं सगळ्यांना पाठ आहेत. गाइडं, पाठांतर, मार्कांचा हिशेब यांना बोल लावून झाला आहे, आणि तो खोटाही नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एक विधान करून त्याच्या पाठीशी चार वाक्यं उभी करायला शिकवता येतं का? शाळांवरच्या चर्चेत हा प्रश्न सहसा येतच नाही. २००५ पासून निघणाऱ्या ‘असर’ अहवालांनी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही वाचनाची शिडी घरोघरी नेली, आणि दरवेळी सगळी हळहळ त्या शिडीभोवतीच होते. त्या शिडीवरचा परिच्छेद वाचायचा असतो. तो लिहिता येतो का, हे विचारायला कोणी दार ठोठावत नाही.

खरं तर परिच्छेदात वाक्यं दोन जातींची असतात. काही भर घालतात, काही आधार देतात. भरीचं वाक्य खोडलं तर कोणाचं काही अडत नाही. आधाराचं खोडलं की मुद्दा लुळा पडतो. ‘गाईला चार पाय असतात’ हे शंभर टक्के खरं आहे आणि शंभर टक्के भर आहे, कारण त्यावर वाद घालायला कोणी बसलेलंच नाही. ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ या जुन्या प्रश्नातही हीच गंमत आहे. कावळा, तहान, रांजण, खडे असा सांगाडा छापलेलाच असतो. मूल त्यात क्रियापदं बसवतं. वाक्यरचनेचा सराव म्हणून ते उत्तम. पण कावळा हुशार होता, हे कोणाला पटवून द्यायची पाळी मुलावर येत नाही.

शहरांतल्या काही इंग्रजी शाळांनी यावर अमेरिकेहून एक तोडगा आणला आहे : हॅम्बर्गर. वर्कशीटवर पावाचं चित्र असतं. वरच्या पावात मुख्य वाक्य, मधल्या थरांत तीन तपशील, खालच्या पावात तेच मुख्य वाक्य जरा कपडे बदलून. मागचं शास्त्र बरंच जुनं आहे. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन यांनी १८६६ साली इंग्रजी लेखनावरच्या पुस्तकात परिच्छेदाचे नियम घालून दिले. वर्गात त्याचं काय होतं? ‘मला पावसाळा आवडतो. पहिलं कारण, पाऊस पडतो. दुसरं कारण, हवा थंड होते. तिसरं कारण, सगळीकडे हिरवं होतं. म्हणून मला पावसाळा आवडतो.’ थर तीनच का, याला उत्तर नाही. एखाद्या मुद्द्याला एकच आधार पुरतो, एखाद्याला सात लागतात. पण चित्रात रकाने तीन आहेत, म्हणून मूल तिसरं कारण कुठून तरी पैदा करतं. रिचर्ड ब्रॅडॉक यांनी १९७४ साली नावाजलेल्या अमेरिकी मासिकांतले २५ लेख तपासले, तेव्हा मुख्य वाक्याने सुरू होणारे परिच्छेद जेमतेम १३ टक्के निघाले. बर्गर मुलांना खाऊ घालायचा आणि मोठ्यांनी तो शिवायचाही नाही, असा हा प्रकार.

हा टोला मात्र स्वस्तातला आहे. सराईत लेखक आधाराची काठी टाकून चालतो, म्हणून चालायला शिकणाऱ्याची काठी हिसकावून घ्यायची नसते. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या न्यू डॉर्प हायस्कूलची हकीकत २०१२ साली ‘द अटलांटिक’ने छापली. तिथल्या शिक्षकांना दिसलं की बऱ्याच मुलांना साधं वाचता येतं, पण ‘जरी’, ‘तरी’, ‘मात्र’ अशा शब्दांनी दोन विचार जोडायची वेळ आली की ती अडतात. ज्युडिथ हॉकमन यांच्या पद्धतीने त्यांना एकच वाक्य तीन वाटांनी पुढे न्यायला शिकवलं गेलं : कारण, पण, म्हणून. जिल्हा परिषदेच्या शाळेतही फळ्यावर लिहून पाहावं. ‘नळाला पाणी येत नाही, कारण…’ इथे टाकी येते. ‘नळाला पाणी येत नाही, पण…’ म्हटलं की कोणीतरी हेडमास्तरांच्या खोलीतल्या भरलेल्या माठाकडे बोट दाखवतं. ‘म्हणून’पाशी काय येईल, त्याची जबाबदारी शिक्षकाने घ्यावी. साचा आहे, पण मुलाला नवं काही बघायला लावणारा. तेव्हा भांडण साच्याशी नाही, एवढं बर्गरवाल्यांना देऊन टाकायला हवं.

विधान आणि त्याचा आधार अशी घडण मराठीला परकीही नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीला केसोबासांनी चक्रधरांचे ११४ दृष्टांत ‘दृष्टांतपाठा’त लावले. प्रत्येक ठिकाणी आधी सूत्र, मग दृष्टांत, मग त्या दोहोंचा मेळ घालणारं दार्ष्टांतिक. आंधळे आणि हत्ती त्यातच भेटतात. थर तिथेही तीनच, हे बर्गरवाल्यांच्या कानावर जाऊ नये. पण त्या दृष्टांतांचं गद्य आजही जिवंत वाटतं, आणि त्याचं श्रेय तीन थरांना देता येत नाही. चक्रधरांपुढे माणसं बसलेली होती. ती विचारत, अडत, त्यांना पटत नसे, आणि मग दृष्टांत येई.

वहीसमोर कोणी बसलेलं नसतं. कॅनडातल्या कार्ल बेरायटर आणि मार्लिन स्कार्डामालिया यांनी लेखनाच्या मानसशास्त्रावरच्या १९८७ च्या पुस्तकात हेच सांगितलं आहे. बोलताना समोरच्याचं ‘मग?’, ‘म्हणजे?’ मुलाला पुढे ढकलत असतं. कागद तसं काही विचारत नाही, म्हणून दोन ओळींत मूल थांबतं. त्याला सुचत नाही असं नव्हे. मधल्या सुट्टीत तेच मूल एका मारामारीचं वर्णन साक्षी-पुराव्यानिशी दहा मिनिटं करतं, कारण समोरची चार पोरं ‘थापा मारू नको’ म्हणत असतात.

समजा, तिसरीतल्या एका मुलीने लिहिलं, ‘माझी आजी कंजूष आहे.’ बाईंनी ‘असं लिहू नये’ म्हणून ते खोडलं नाही, नुसतं विचारलं, ‘कशावरून गं?’ मुलगी सांगते, आजी दुधाची पिशवी कापते, आतून पाण्याने खळबळून घेते आणि ते पाणी चहात ओतते. साबणाची चिपटी झालेली वडी नव्या वडीवर चिकटवते. आता आजी दिसायला लागली. तेवढ्यात शेजारची मैत्रीण म्हणते, ‘मग तुला सायकल कोणी घेतली?’ सायकल आजीनेच घेतलेली असते. मुलगी गप्प होते, आणि पहिलं वाक्य आता जसंच्या तसं ठेवता येत नाही. आजी कंजूष नाही. ती स्वतःवर खर्च करत नाही, किंवा टाकून देणं तिला जमत नाही. कुठलं लिहायचं, ते मुलीने ठरवायचं.

बर्गरची खरी अडचण इथे आहे. तिथे वरचा पाव आधी पक्का होतो आणि तपशिलांनी त्याची चाकरी करायची. इकडे तपशिलांनीच मुद्द्याची उलटतपासणी घेतली. पहिलं वाक्य पेन्सिलीने लिहायची मुभा असेल, तरच मुलाला आधार शोधण्यात रस वाटतो. आधी ठरलेल्या निकालासाठी साक्षीदार गोळा करायला त्याला कशाला आवडेल?

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला ‘कशावरून?’ विचारायला बाईंना वेळ नसतो, ही तक्रार खरी आहे. पण हा प्रश्न बाईंनीच विचारला पाहिजे असं कुठे आहे? जोड्या पाडायच्या, एकाने चार ओळी वाचायच्या, दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. पहिली ते चौथी एकत्र बसणाऱ्या द्विशिक्षकी शाळेत हे आणखी सोपं पडतं. चौथीतल्या मुलाचा परिच्छेद पहिलीतल्या दोघांपुढे वाचायला लावावा. ‘खूप खूप प्रेमळ’ ऐकून त्यांचं समाधान होत नाही, आणि कंटाळा आला की ती सरळ उठून जातात.