त्रोवसापासून अस्सापर्यंत पायी

(वाचनपाठ : प्रेषितांची कृत्ये २०:१-१४, २ करिंथकरांस अध्याय ८)



पौलाच्या प्रवासवृत्तांतात एक लहानसे वचन आहे. ते वाचून आम्ही कित्येक वर्षे न थांबता पुढे जात असू. त्रोवसाहून निघताना पौलाचे सोबती तारवात बसले आणि समुद्रमार्गे अस्स नगराकडे गेले. पौल मात्र त्यांच्याबरोबर बसला नाही. त्याने पायी जावयाचे आधीच ठरविले होते. लूक एवढेच सांगतो, कारण सांगत नाही. ही वाट सुमारे २० मैलांची, म्हणजे आपल्या हिशेबाने १० कोसांची. शिवाय आदल्या रात्री पौलाचा डोळ्यास डोळा लागला नव्हता. मध्यरात्रीपर्यंत त्याचे भाषण चालले. युतुख नावाचा तरुण झोपेच्या गुंगीत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तो जिवंत आहे असे पाहून सर्वांच्या जिवात जीव आला. आणि मग उजाडेपर्यंत पौल बोलतच राहिला. असा रात्रभर जागलेला मनुष्य, बसावयास तारू तयार असताना, १० कोस चालत निघाला.

हा प्रवास कशासाठी होता, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. यहूदियात क्लौद्याच्या कारकीर्दीत दुष्काळ पडला तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे मदत जमविली आणि ती बर्णबा व शौल ह्यांच्या हाती पाठविली. तेव्हापासून यरुशलेमेतील गरिबांचा विसर पौलास कधी पडला नाही. पुढे त्याने गलतिया, मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांत वर्गणी उभी केली. तीच वर्गणी पोहोचविण्यासाठी तो ह्या वेळी निघाला होता, असे रोमकरांस पत्राच्या १५व्या अध्यायावरून दिसते. म्हणजे त्रोवसाहून अस्सास चालत जाणारा पौल हा भुकेल्यांसाठी गावोगाव वर्गणी मागून ती पोहोचवावयास निघालेला मनुष्य होता. तो पायी का गेला ह्याविषयी विद्वानांनी नाना तर्क केले आहेत. ते त्यांचे त्यांच्यापाशी असोत. आम्हांस एवढेच पुरे आहे की हे काम करताना त्यास पायांची लाज वाटली नाही.

पायी चालून भुकेल्यांसाठी पैसा जमविण्याची एक रीत आमच्या काळातील मंडळ्यांतही आहे. ती अमेरिकेत कशी सुरू झाली ते सांगतो. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ साली तेथील अनेक मंडळ्यांनी मिळून ‘चर्च वर्ल्ड सर्व्हिस’ ही संस्था स्थापिली. १९४७ पासून तिच्या ‘क्रॉप’ नावाच्या कार्याद्वारे शेतकरी कुटुंबे आपल्या शेतातील धान्य युरोप व आशिया खंडांतील उपाशी लोकांसाठी देऊ लागली. आरंभी पायांचा संबंध नव्हता. देणे धान्याचे होते. पुढे १७ ऑक्टोबर १९६९ रोजी उत्तर डकोटा प्रांतातील बिस्मार्क ह्या शहरी सुमारे १,००० माणसे ह्या कार्यासाठी चालली आणि त्यांनी २५,००० डॉलर जमविले. त्याच वर्षी बॉस्टन शहरातही सुमारे २,००० लोक भुकेल्यांसाठी २८ मैल चालले. तेव्हापासून ही रीत गावोगाव पसरली.

रीत अशी. चालणारा मनुष्य आधी आपल्या ओळखीच्या लोकांकडे जातो आणि म्हणतो, “मी भुकेल्यांसाठी इतके मैल चालणार आहे, तुम्ही काय द्याल?” कोणी मैलामागे काही देण्याचे कबूल करतो, कोणी ठोक रक्कम लिहून देतो. ठरलेल्या दिवशी गावातील निरनिराळ्या मंडळ्यांचे लोक एकत्र चालतात. ज्यांची उपासनेची पद्धत एक नाही, तेही त्या दिवशी एका रस्त्यावर असतात. आणि ह्या व्यवस्थेतील आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट ही की, जमलेल्या पैशाचा चौथा हिस्सा त्याच गावच्या भुकेल्यांसाठी ठेवतात, बाकीचा दूरदेशी जातो. दूरच्या भुकेल्यासाठी रडणारा मनुष्य शेजारच्या घरात चूल पेटली की नाही हे पाहत नाही, हे मनुष्यस्वभावाचे दुखणे त्यांस ठाऊक असावे.

ही हकीकत आम्ही एका मंडळीत सांगितली तेव्हा एका वडील सेवकाने रोखठोक विचारले, “पाळकसाहेब, पैसेच द्यावयाचे तर घरी बसून द्यावेत. पाय कशाला झिजवावयाचे? आमची माणसे काय कमी चालतात?” प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर आम्हांस लगेच सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे.

आधी एक गोष्ट साफ सांगू. चालण्याने पातक झडत नाही. आषाढ महिन्यात देहू-आळंदीहून पंढरपुराकडे जाणारे लोक आपल्यापैकी पुष्कळांच्या गावावरून जातात. त्यांस पाहून ख्रिस्ती मनुष्याने नाक मुरडू नये. तहानेल्यास पाणी द्यावे. पण आपण चाललो म्हणून देवापाशी आपल्या नावे काही जमा झाले, असे आपल्यापैकी कोणी मानील तर त्याने खुशाल घरी बसावे. आपले तारण कृपेने झाले आहे. मैलांचा हिशेब भुकेल्यांच्या कामी आहे, आपल्या नव्हे.

मग चालावयाचे कशासाठी? आमच्या मते, भुकेला मनुष्य चालतो म्हणून. १८७७ सालच्या दुष्काळात ह्या मुंबई इलाख्यात सरकारने दुष्काळी कामे काढली, तेव्हा घरापासून १० मैलांच्या आत धडधाकट माणसास काम देऊ नये असा दंडक आला, आणि मजुराचा शिधा दिवसाला एक रत्तल धान्यावर आणला गेला. पोटात अन्न नाही, आणि ते मिळविण्यासाठी आधी ५ कोस चालावयाचे! पुष्कळांनी तशा स्थितीतही ती कामे सोडून निषेध केला. १९७२ सालच्या दुष्काळात खडी फोडावयास व पाझर तलावावर जी माणसे गेली, त्यांपैकी काही आजही आपल्या बाकांवर बसतात. पहाटे उठून किती चालत होतो ते त्यांस विचारा. पाय दुखू लागले म्हणजे ह्या गोष्टी वाचून समजतात त्याहून निराळ्या समजतात.

दुसरे असे की, पायी आलेल्यास दार लवकर उघडते. विनोबा भावे आपल्याच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचे. १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी १०० एकर जमीन मिळाली, आणि त्यानंतर ते वर्षानुवर्षे पायीच गावोगाव जमीन मागत हिंडले. मिळालेली सगळी जमीन कसदार नव्हती आणि सगळी वाटलीही गेली नाही, हे खरे आहे. परंतु मोटारीतून उतरून कोणी तीच मागणी केली असती तर लोकांनी त्यास चहा पाजून वाटेस लावले असते, असे आम्हांस वाटते.

असे आम्हांस का वाटते, ते सांगण्यास संकोच होतो, तरी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील मंडळीच्या सुगीच्या उपकारस्तुतीस आम्ही जीपने गेलो आणि मासेदोनियाच्या मंडळ्यांवर उपदेश केला: त्या स्वतः अत्यंत दरिद्री असता त्यांनी शक्तीबाहेर कसे दिले, इत्यादी. लोकांनी मेजापुढे ज्वारी, बाजरी, भोपळे, कोंबड्या आणून ठेविल्या. एका वृद्ध विधवेने पदरातून ओंजळभर ज्वारी ओतली. रिवाजाप्रमाणे सगळ्या वस्तूंचा लिलाव झाला, आणि आलेला पैसा आम्ही मोठ्या समाधानाने दूरच्या एका इमारतीच्या दुरुस्तीकडे पाठविला. जेवण वाढण्यापूर्वीच ती बाई निघून गेली होती. संध्याकाळी उपदेशकाने दबक्या आवाजात सांगितले की, ती दोन कोसांवरच्या वस्तीवरून चालत आली होती आणि तिच्या घरी दोन दिवस चूल पेटलेली नव्हती. आम्ही ज्यांच्याविषयी तासभर बोललो ती मासेदोनियाची मंडळी समोर बसली होती, आणि आम्ही तिचे दाणे विकून टाकले.

पुढच्या आठवड्यात आम्ही धान्याचे पोते घेऊन, पुन्हा जीपनेच, तिच्या वस्तीवर गेलो. कर्णा वाजला, पोरे धावली, सगळी वस्ती दारात जमली. बाईने पोत्याकडे पाहिलेही नाही. “पाळकसाहेब, माझ्या घरी दाणे आहेत. हे दुसऱ्या कोणास द्या,” असे म्हणून ती आत गेली. पोते परत आले.

आज १८७७ सारखा दुष्काळ नाही, ह्याबद्दल देवाचे आभार मानावेत. २०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. तरीही उपास संपलेला नाही. तो दाराआड गेला आहे. ज्याचे नाव कार्डावरून गळाले तो, जिच्या अंगठ्याच्या रेघा कष्टाने झिजून यंत्रावर उमटत नाहीत ती, मुलगा-सून ऊसतोडीस गेल्यावर मागे राहिलेली म्हातारी माणसे, ही सरकारी तक्त्यात सहज दिसत नाहीत. उपदेशकास दिसतात, कारण तो चालत फिरतो.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, आमची सूचना ऐका. पिके घरी आल्यावर, थंडीच्या दिवसांत, एखाद्या शनिवारी एका गावच्या मंडळीने शेजारच्या मंडळीपर्यंत पायी जावे. चार कोस पुष्कळ झाले. पौलाशी स्पर्धा नको. निघण्यापूर्वी पंधरा दिवस घरोघरी जाऊन, ख्रिस्ती व इतर अशा सर्वांस, काय देणार ते विचारावे. ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांनी धान्य द्यावे. मिझोरमातील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांतील स्त्रिया १९१० पासून रांधताना मूठभर तांदूळ बाजूस काढून ठेवीत आल्या, आणि त्या मुठींवर मंडळीची केवढी कामे उभी राहिली! ज्यांस चालवत नाही त्यांनी वाटेत झाडाखाली पाण्याची घागर घेऊन बसावे; त्यांची नावेही चालणाऱ्यांच्या यादीत लिहावीत.

हिशेबाची गोष्ट हलकी समजू नका. पौलाने ती वर्गणी एकट्याने नेली नाही. बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकेचे अरिस्तार्ख व सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आशियाचे तुखिक व त्रफिम अशी ठिकठिकाणची माणसे त्याने बरोबर घेतली. एवढ्या मोठ्या देणगीविषयी कोणी आपणांस दोष लावू नये म्हणून आपण जपतो, असे त्याने करिंथकरांस स्पष्ट लिहिले आहे. प्रेषितास जर इतकी काळजी होती, तर आम्हां पाळकांस किती असावी? पैसा मोजताना दोन माणसे असावीत, त्यांतील एक स्त्री. आणि आकडा पुढच्या रविवारी मंडळीसमोर वाचावा. किती भाग आपल्या गावात ठेवावयाचा व किती बाहेर पाठवावयाचा हेही आधीच ठरवावे. अमेरिकेतील लोक चौथा हिस्सा ठेवतात. आपली गरज पाहता अर्धा ठेविला तरी चालेल. पण सगळाच ठेवू नये. १९०० सालच्या दुष्काळात अमेरिकेतील ख्रिस्ती लोकांनी जमविलेला मका ‘क्विटो’ नावाच्या आगबोटीने मुंबईस आला होता. ज्यांनी तो पाठविला त्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांची तोंडे कधी पाहिली नव्हती.

राहता राहिली पोहोचविण्याची गोष्ट, आणि ती सर्वांत कठीण आहे. रोमकरांस लिहिताना पौल त्यांस एक विनंती करतो : यरुशलेमेसाठी मी जी सेवा करीत आहे ती तेथील पवित्र जनांस मान्य व्हावी म्हणून प्रार्थना करा. लोकांनी वर्गणी द्यावी म्हणून नव्हे. ती तर मिळाली होती. घेणाऱ्यांनी ती घ्यावी, ह्याची त्यास धास्ती होती! यरुशलेमेतील बंधूंनी त्याचे आनंदाने स्वागत केले असे लूक लिहितो, पण त्या ठिकाणी वर्गणीविषयी एक अक्षरही लिहीत नाही. पूर्वी हे वाचून आम्हांस नवल वाटे. ते पोते परत आल्यापासून वाटत नाही.

तरी धान्य द्यावयास जाल तेव्हा दोघेच जा, दिवस मावळल्यावर, पायी. गीत गाऊ नका, छायाचित्र काढू नका, कोणाचे नाव सभेत घेऊ नका. घरात बसा, मुलाबाळांची चौकशी करा. पिशवी उंबऱ्याबाहेरच असू द्या. आधी त्या घरचे पाणी मागा आणि प्या.