घोळाण्याची पानं



धानाची चुरणी आटोपली की गोंदिया जिल्ह्यात घरोघरी सांदवाडीकडे लक्ष जातं. माती मोकळी केली जाते, कोंबड्या शिरू नयेत म्हणून कुंपण नीट केलं जातं आणि प्रश्न पडतो : यंदा लावायचं काय? आज मला बोलायचंय ते कच्च्या खाण्याच्या पानांबद्दल.

लेट्यूसचं बी हल्ली दुकानात मिळतं. अवश्य लावावं, पण त्याचा स्वभाव ओळखून. माती तिशीच्या वर तापली की हे बी रुजायला कुरकुर करतं. उन्हाचा तडाखा बसला की रोप दांडा काढून फुलावर येतं आणि पानं कडू होतात. विदर्भात कडाक्याच्या थंडीच्या बातमीत गोंदियाचं नाव हमखास असतं. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ त्याला मानवतो. त्याचं बी खोल पुरू नये, त्याला उजेड लागतो. वरून चिमूटभर माती भुरभुरली तरी पुरे.

पण आपल्याकडे कच्च्या पानांचं जेवण आधीपासूनच आहे. घोळाणा आठवा. कोवळी मेथी, कांद्याची पात, मुळ्याचा कोवळा पाला, थोडा सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं बारीक चिरायचं. मीठ, तिखट घालून हातानं हलकंच चोळायचं, वरून कच्चं तेल. पानांना पाणी सुटायच्या आत ताटात वाढायचं. भाकरीबरोबर किंवा वरणभाताबरोबर याची जी चव लागते, ती बाजारातून दुपारी आणलेल्या, मलूल पडलेल्या जुडीला येत नाही. घरची बाग हवी ती एवढ्यासाठी.

म्हणून माझं मत विचाराल तर पहिला वाफा मेथीचा. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात खुडायला येते. सांबाराला धीर हवा. धने हलके रगडून दोन फाकी करून पेरले तरी उगवायला आठ-दहा दिवस घेतात. पालक मुळासकट उपटू नये, बाहेरची पानं खुडली की आतून नवी येत राहतात. जमीन कन्हार असेल तर वाफा थोडा उंच करा. चिकट मातीत पाणी साचलं की कोवळी मुळं कुजतात. ओळींच्या मधे तणस अंथरलं तर ओल टिकते.

कच्चं खायचं तर स्वच्छतेत तडजोड नको. नालीचं पाणी या वाफ्याला कधीच देऊ नये, ताजं शेणही नको. पुरतं कुजलेलंच खत घालावं. खुडलेली पानं दोन-तीन पाण्यांतून धुवावीत.

उन्हाळा लागला की थंडीच्या पानांचा हट्ट सोडावा. तेव्हा चवळाई पेरावी. ती मात्र शिजवूनच खावी. घोळ नावाची बुटकी, जाड पानांची भाजी तर न पेरता येते. तिची आंबट पानं तुर्कस्तानात दह्यात कालवून आवडीनं खातात, लेबनॉनमध्ये सॅलडमध्ये घालतात. आपण मात्र निंदताना ती बांधावर फेकतो. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती बेतानं खावी, त्यात ऑक्झॅलेट बरंच असतं.

आणि थंडीतली पाथरी? हरभऱ्याच्या, गव्हाच्या शेतात जमिनीला चिकटून पसरते. पान मोडलं की पांढरा चीक येतो, लेट्यूसचाही येतो. दोघी एकाच कुळातल्या. आपल्या मातीत, आपल्या थंडीत, पाकीट विकत न घेता उगवणारी ही भाजी पोरांना ओळखताही येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा या आठवड्यात मेथीचा एक वाफा टाका. शेतात गेलात तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या, पाथरी कोणती ते पोरांना त्यांच्याकडून दाखवून घ्या, आणि खात्री पटली की मूठभर घोळाण्यात घाला.