गांजा लीगल करावा का? आमच्या चंद्रपूरला विचारा

पुण्याच्या हॉस्टेलात रात्री दोननंतर निघणाऱ्या विषयांपैकी हा एक ठरलेला. कॅनडाने केलं, जर्मनीने केलं, आपण कधी करणार? दारू चालते, सिगारेट चालते, मग गांज्यानेच काय घोडं मारलंय? मीही बरीच वर्षं याच बाजूने बोलायचो. माझं शरीर, माझा पैसा, माझा फुप्फुसांचा प्रश्न. सरकारचा संबंध काय?

एकदा एका मित्राने सहज विचारलं, "तुमच्याकडे तर दारूच बंद होती ना रे? मग काय झालं?"

मी चंद्रपूरचा. उत्तर मला तोंडपाठ असायला हवं होतं. पण मी बोलायला लागलो आणि अडकलो, कारण माझ्याकडे दोन उत्तरं होती. एक माझ्या मोठ्या आईचं, दुसरं माझ्या वर्गमित्राचं.

आधी थोडा इतिहास. १९८२ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता. वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत लोकांनी आंदोलन केलं, डॉ. अभय आणि राणी बंग त्यात होते, आणि १९९३ मध्ये तिथे दारूबंदी झाली. ती आजही आहे. चंद्रपुरात मात्र दुकानं चालूच राहिली. खाणी, वीज केंद्र, कागद कारखाना, सिमेंट. म्हणजे दर महिन्याला हातात रोख पगार. पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेने बायकांना एकत्र केलं. पाचशेहून जास्त ग्रामपंचायतींनी दारूबंदीचे ठराव केले. २०१० च्या हिवाळी अधिवेशनावर चिमूरहून बायका चालत नागपूरला गेल्या.

त्या बायकांत माझी मोठी आई होती. मोठे बाबा कोळसा खाणीत होते. पगाराच्या दिवशी ते घरी यायच्या आधी मोठी आई भात शिजवून पोरांना जेवू घालायची आणि शेजारी झोपायला पाठवायची. मला हे फार नंतर कळलं. लहानपणी मला वाटायचं, त्या पोरांना शेजारी झोपायची मजा आहे. मोठे बाबा २०१२ मध्ये गेले. चंद्रपुरात दारूबंदी लागू झाली १ एप्रिल २०१५ ला.

आता दुसरं उत्तर. दारू बंद झाली म्हणजे दुकानं बंद झाली. घुग्घुसहून वर्धा नदी ओलांडली की वणी. वणी यवतमाळ जिल्ह्यात, तिथे दुकानं उघडी. मग बाटल्या बाइकवर, कॉलेजच्या बॅगेत, दुधाच्या कॅनमधून येऊ लागल्या. दुप्पट-तिप्पट भावाने गल्लीत विकल्या जाऊ लागल्या. माझा एक वर्गमित्र, अभ्यासात माझ्यापेक्षा बरा, धावायला तर कितीतरी बरा, पोलीस भरतीची तयारी करत होता. घरी पैसे नव्हते. त्याने काही खेपा मारल्या. एका खेपेत सापडला. कलम ६५ (ई). माल ज्याचा होता तो सापडला नाही. २०२१ मध्ये दारू पुन्हा सुरू झाली, ज्या रस्त्यावर याला पकडलं त्या रस्त्यावर आज बिअर बार आहे, आणि हा अजून तारखेला कोर्टात जातो. भरतीचं वय निघून गेलं.

तर मित्रा, काय झालं म्हणून विचारतोस? हे झालं.

दारूबंदी उठवण्याआधी सरकारने रमानाथ झा समिती नेमली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, बायका आणि लहान मुलं या धंद्यात ओढली गेली, महसूल बुडाला, अशी कारणं देत २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली. यातली पहिली कारणं मला पटतात, ती मी डोळ्यांनी पाहिली आहेत. शेवटचं कारण मात्र घशात अडकतं. महसूल! म्हणजे मोठे बाबा जेवढे जास्त प्यायचे, तेवढा सरकारचा फायदा होता.

इथे मला पहिल्यांदा वाटलं की 'लीगल करावं का' हा एक प्रश्न नाहीच. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक : नशा करणाऱ्याला, किंवा चार पुड्या बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवावं का? दोन : नशा विकून नफा कमावण्याचा परवाना कुणाला द्यावा का? पहिल्याचं उत्तर 'नाही' दिलं की दुसऱ्याचं आपोआप 'हो' होतं, असं आपण समजतो. तसं होत नाही.

गांज्याकडे येऊ. १८९३-९४ मध्ये इंग्रजांनी हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं होतं. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि त्या प्रांतात परवाना घेऊन गांजा विकला जायचा. कमिशनचा निष्कर्ष होता की बेताने घेतल्यास फारसं नुकसान नाही आणि सरसकट बंदीची गरज नाही. पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला आणि १९८५ चा एनडीपीएस कायदा. या कायद्यात झाडाची फुलं म्हणजे गांजा, आणि तो गुन्हा. त्याच झाडाची नुसती पानं म्हणजे भांग, आणि ती या कायद्याच्या व्याख्येबाहेर. काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. इकडे थोडा गांजा सापडला तरी एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. शिवरात्रीच्या जत्रेत चिलीम ओढणाऱ्या बैराग्याच्या पाया पडायचं आणि नाक्यावरच्या पोराला गाडीत घालायचं, यात नीती कुठे आहे? पहिल्या प्रश्नावर म्हणून माझं मत पक्कं आहे. ओढणाऱ्याला तुरुंग नको. व्यसन लागलं असेल तर उपचार द्या, नसेल तर सोडून द्या.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी हॉस्टेलमधल्या मित्रांपासून वेगळा झालोय. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये लिहिलं की दुसऱ्याला इजा होत नाही तोवर माणसाला रोखायचा अधिकार समाजाला नाही. दारूबंदीलाही त्याचा विरोध होता. वाचताना पटतं. पण हे वाचताना डोळ्यांसमोर एकटा माणूस येतो, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पैशाने पिणारा. आमच्या गल्लीत एकटं कोणी पीत नव्हतं. पगार एकाचा, पण त्यावर सहा ताटं. आणि दुकानदाराचं पोट कधीमधी पिणाऱ्यावर भरत नाही, रोज येणाऱ्यावर भरतं. नशेचा धंदा कुठलाही असो, त्याला सवय लागलेलं गिऱ्हाईक लागतं. आमच्याकडचा खर्रा बघा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून द्यायचा. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, पण खर्रा शाळकरी पोरांच्याही खिशात सापडतो, कारण टपरी दर वळणावर आहे. गांज्याला अशीच टपरी, वर ब्रँड, वर इन्स्टाग्रामवर जाहिरात मिळाली तर काय होईल, हे कळायला फार कल्पना लढवावी लागत नाही.

मग कोणी म्हणेल, ओढणाऱ्याला सोडायचं आणि विकणाऱ्याला परवाना नाही, तर माल येणार कुठून? पुन्हा माझ्या वर्गमित्रासारख्याच कोणाच्या तरी बॅगेतून? हा आक्षेप खरा आहे. जर्मनीने यावर एक वाट काढली. तिथे १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी तीन झाडं लावता येतात आणि सभासदांसाठी नफा न कमावणारे क्लब आहेत. दुकान नाही. जर्मनीचं ऐकून आपण 'भारी' म्हणतो, पण याच्याशी मिळतीजुळती गोष्ट आमच्या जंगलात जुनी आहे. मोहफुलाची दारू आदिवासी घरांत जन्माला, लग्नाला, मरणाला लागते, देवाला आणि पूर्वजांना वाहिली जाते. ती घरची, प्रसंगापुरती. दारूबंदीच्या कायद्याने नैवेद्याचा तांब्याही गुन्ह्यात आला. आणि तीच मोहाची दारू ड्रमने गाळून बाजारात विकली जाऊ लागली, तेव्हा त्याच गावांतल्या बायकांनी भट्ट्या फोडल्या. यात विसंगती नाही. त्यांना फरक नेमका कळला होता.

१९९६ च्या पेसा कायद्यात अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला कुठल्याही मादक पदार्थावर बंदी घालण्याचा किंवा त्याची विक्री आणि सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार आहे. गडचिरोलीचा मोठा भाग या क्षेत्रात येतो. तिथल्या मेंढा (लेखा) गावात सगळे निर्णय सर्वसहमतीने होतात, मतदानाने नाही. दारूचा प्रश्नही गावाने एकत्र बसूनच हाताळला. बाकी महाराष्ट्रात गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी 'आडवी बाटली'ला मत दिलं तर दुकान बंद होतं. गावही जाच करू शकतं, हे मला माहीत आहे. गावाच्या दंडाची भीती कधी पोलिसापेक्षा जास्त असते. तरीही ज्यांच्या घरात त्या निर्णयाचे परिणाम येऊन पडतात, त्यांना विचारण्याची ही एकच रीत मला आजवर दिसली आहे. चंद्रपुरात २०१५ ला निर्णय मुंबईत झाला, २०२१ ला तो तिथेच फिरला.

गेल्या दिवाळीत मी मोठ्या आईला माझ्या वर्गमित्राची गोष्ट सांगितली. मला वाटलं, ती म्हणेल, बरं झालं पकडला. ज्या बंदीसाठी ती नागपूरपर्यंत चालत गेली होती, त्याच बंदीत तो अडकला होता. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "त्या पोट्ट्याले काहून धरलं बाबू? आम्ही तं दुकान बंद करा म्हणलो होतो. पोट्ट्याले जेलात टाका म्हणून कोण चाललं होतं?"

मी विचारलं, मग आता दुकानं उघडली ते?

"मले कोणी विचारलं का?" ती म्हणाली.

मित्राला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. द्यायचं झालं तर असं देईन : गांजा ओढणाऱ्याला सोडा, त्याच्यावरच्या जुन्या केसेसही सोडा, त्या आधी सोडा. पण तो विकून नफा कमावण्याचा परवाना कंपनीला देऊ नका, आणि त्या नफ्यात सरकारला भागीदार करू नका. आणि काही ठरवायचं असेल तर भात लवकर शिजवून पोरांना शेजारी पाठवणाऱ्या बाईला आधी विचारा. माझ्या वर्गमित्राची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मोठी आई म्हणाली आहे, मी येते सोबत.