पद सोडणे ही पळवाट आहे का?



११ फेब्रुवारी २०१३ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी कार्डिनलांच्या सभेत, तेही लॅटिन भाषेत, आपला राजीनामा जाहीर केला. वय ८५. झपाट्याने बदलणाऱ्या जगात ख्रिस्तसभेची नौका हाकायला तनामनाचे बळ लागते आणि ते आता उरलेले नाही, एवढेच कारण त्यांनी दिले. १४१५ साली ग्रेगरी बारावे पायउतार झाले, त्यानंतर असे घडले नव्हते.

आपल्यापैकी अनेकांना तेव्हा जॉन पॉल दुसरे आठवले. हात थरथरत होते, शेवटी वाचाही गेली, तरी २ एप्रिल २००५ रोजी प्राण जाईपर्यंत त्यांनी पद सोडले नाही. मग बाप कधी घर सोडतो का? प्रश्न रास्त आहे. पण म्हातारा बाप घर सोडत नाही, कपाटाच्या किल्ल्या तेवढ्या मुलाकडे देतो. जॉन पॉल यांचे सोसणे वाया गेले असे कोण म्हणेल? तरीही सोसणे वेगळे आणि कारभार चालवणे वेगळे. एकाच माणसाला दोन्ही झेपतीलच असे नाही.

पॅरिश कौन्सिलमध्ये, पतपेढीत किंवा घरच्या वाडीत ‘माझ्याशिवाय कोण करणार?’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या तोंडून सेवेची काळजी बोलते की खुर्चीची सवय? पोपचा राजीनामा कोणी मंजूर करावा लागत नाही, असे धर्मसभेचा कायदा सांगतो. म्हणजे हा हिशेब ज्याचा त्यानेच करायचा.

बेनेडिक्ट ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत जगले, बहुतेक काळ व्हॅटिकनमधल्याच एका मठात. २०१९ मध्ये त्यांच्या एका लेखाने बरीच चर्चा उठली. किल्ल्या दिल्यावर किती बोलावे, हे त्यांनाही सोपे गेले नाही.